शिकणाऱ्याने शिकवावे : बंगळुरूतील मुलांच्या मुक्त संगणक वर्गांची वाटचाल

या वाटचालीची पूर्वपीठिका मोठ्यांच्या मेळाव्यात आहे. 2001 साली लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या बंगळुरूतल्या चाहत्यांनी ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद सुरू केली. स्वयंसेवकांच्या बळावर उभ्या राहिलेल्या या परिषदेचे 2005मध्ये ‘फॉस डॉट इन’ असे नामकरण झाले. देशभरातले प्रोग्रामर इथे एकमेकांचा कोड वाचत, दुरुस्त करत आणि पुढच्याच्या हाती देत. ज्ञान वाटले की वाढते, याचा अनुभव या शहराने तेव्हा घेतला. मात्र सभागृहात बसलेले बहुतेक जण आधीच संगणकाच्या जगात पोहोचलेले होते. त्याच शहरातल्या वस्तीतल्या मुलामुलींच्या हाती कीबोर्ड कधी येणार, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर बन्नेरघट्टा रस्त्यालगत, गुरप्पनपाळ्य भागातल्या सुदर्शन लेआउट या वस्तीत शोधले गेले. त्या दशकाच्या अखेरीस मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, कार्यकर्त्यांनी तिथे ‘आंबेडकर कम्युनिटी कॉम्प्युटिंग सेंटर’ उभे केले. ‘एसी थ्री’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. आठवडाभर कंपनीत काम करणारे तरुण सुट्टीच्या दिवशी इथे शिकवायला येत. बाबासाहेबांचे नाव केंद्राला शोभून दिसते, कारण शिक्षण ही इथे कोणाची मेहेरबानी नव्हती, मुलांचा हक्क होता.

साधनांची निवडही विचारपूर्वक झाली. लिनक्सला परवाना शुल्क नाही आणि ते जुन्या संगणकावरही चालते. चित्रांसाठी ‘जिंप’ होते. 1990च्या दशकात बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतले आणि पुढे जगभरच्या लोकांनी ते वाढवले. वस्तीतली मुले जिंपमध्ये रंगली. त्यांची चित्रे मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळाव्यांत मांडली गेली. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की थोडी मोठी झालेली मुले धाकट्यांना शिकवू लागली. अशा कामाचे यश पटसंख्येवर जोखू नये. काल शिकलेला आज कोणाला तरी शिकवतो आहे का, हे पाहावे.

2009मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट कर्नाटका’ ही संस्था स्थापन झाली आणि विखुरलेल्या धडपडीला घर मिळाले. अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘ग्लग’, म्हणजे लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट, उभे राहिले. उन्हाळी शिबिरे भरू लागली. 2010मध्ये राज्याराज्यांतल्या अशाच संघटना एकत्र येऊन ‘फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट ऑफ इंडिया’ आकाराला आली. स्वयंसेवी कामाची खरी कसोटी सातत्याची असते. नोकरी बदलते, लग्न होते, माणूस परदेशी जातो आणि वर्ग बंद पडतो. ग्लगमुळे दरवर्षी नवी तुकडी मिळण्याची सोय झाली.

याच सुमारास जगात दुसरीकडेही असेच काही घडत होते. 2011मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात जेम्स व्हेल्टन या तरुणाने बिल लियाव यांच्यासोबत ‘कोडर डोजो’ सुरू केले : सात ते सतरा वयोगटासाठी, पूर्णपणे मोफत. 2012मध्ये ब्रिटनमध्ये क्लेअर सटक्लिफ आणि लिंडा सँडविक यांनी ‘कोड क्लब’ उभा केला. कोड क्लब 2015मध्ये आणि कोडर डोजो 2017मध्ये ब्रिटनमधल्या रास्पबेरी पाय फाउंडेशन या संस्थेला येऊन मिळाले आणि बंगळुरूतही असे क्लब भरू लागले. त्यासाठी लागते ती एक खोली, काही लॅपटॉप आणि नेमाने येणारी दोन-चार माणसे.

बाकीचे सगळे सामाईक असते, आणि ही पद्धत टिकते ती त्यामुळेच. एमआयटीतल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने 2007मध्ये खुले केलेले ‘स्क्रॅच’ विनामूल्य आहे. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात, त्यामुळे टायपिंग कच्चे असलेले मूलही पहिल्याच दिवशी पडद्यावरचे मांजर चालवते. केलेला प्रोजेक्ट इतरांना उघडून पाहता येतो, त्यात बदल करून आपला नवा बनवता येतो. कोड क्लबचे धडे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत : कोणीही छापावेत, सुधारावेत, आपल्या भाषेत आणावेत. शिकवणारा बदलला तरी धडा जागेवर राहतो. नव्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

शेजारच्या केरळने हेच काम सरकारी आणि अनुदानित शाळांतून केले. तिथे 2018मध्ये ‘लिटल काइट्स’ हे विद्यार्थ्यांचे क्लब सुरू झाले आणि दोन हजारांवर शाळांत पोहोचले. सरकार मागे उभे राहिले की आवाका किती वाढतो, हे त्यातून दिसते. बंगळुरूची वाट वेगळी. इथे आवाका लहान, पण शहरात शिकवू शकणारी माणसे अमाप. आठवड्यातले दोन तास द्यायला त्यांतले थोडे जण तयार झाले, तरी वस्त्यावस्त्यांतून वर्ग भरतील.

2020च्या टाळेबंदीने एक कठोर धडा दिला. वर्ग ऑनलाइन गेले, तेव्हा घरात एकच मोबाइल असलेली मुले सगळ्यात आधी मागे पडली. वस्तीतल्या खोलीला आणि समोर बसून चूक शोधायला मदत करणाऱ्या माणसाला पर्याय नाही. सामाईक साधने माणसाचे काम हलके करतात. त्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

बंगळुरूच्या कंपन्यांत मराठी तरुण-तरुणी मोठ्या संख्येने आहेत. या वाटचालीत त्यांच्यासाठी काम तयार आहे : जवळच्या सरकारी शाळेशी बोलावे, कन्नड सहकाऱ्याला सोबत घ्यावे, एखादा धडा मराठीत आणावा आणि सुट्टीला गावी गेल्यावर तोच धडा तिथल्या मुलांपुढे ठेवावा. कोड मोफत आहे, धडे मोफत आहेत. आता माणसांनी यायला हवे, आणि वर्षभर येत राहायला हवे.