कंठग्रंथीला कामास लावणारा रस

गळ्याच्या पुढील बाजूस श्वासनलिकेला बिलगून फुलपांखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथि असते. तिला थायरॉइड म्हणतात. तिचा रस आटला कीं माणूस सुजतो, गारठतो, त्याची बुद्धि मंदावते. १८९१ सालीं न्यूकॅसल येथील डॉक्टर जॉर्ज मरे यांनीं अशा एका बाईस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचला, आणि ती बाई पुढें २८ वर्षें जगली! परंतु आजचा विषय हा रस नव्हे. या ग्रंथीला कामास लावणारा दुसराच रस होय.

त्याचा माग लागला बेडूकमाशांमुळें. १९१६ मध्यें अमेरिकेंत फिलिप स्मिथ व बेनेट ॲलन यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, बेडूकमाशांच्या मेंदूखालील पिट्यूटरी ग्रंथि काढून टाकिली. त्यांची थायरॉइड खुरटली, आणि बेडूकमाशांचे बेडूक कांहीं झाले नाहींत. हुकूम वरून सुटतो तो असा. तो घेऊन येणारें द्रव्य म्हणजे थायरॉइड-उत्तेजक संप्रेरक, अर्थात् 'टीएसएच'.

याची गरज कोणास? थायरॉइडचा कर्करोग झालेल्यांची ग्रंथि काढून टाकल्यावर मागें राहिलेल्या पेशी किरणोत्सर्गी आयोडिननें हुडकतात. त्या पेशी आयोडिन शोषतात त्या टीएसएचच्या प्रेरणेनें. कसाईखान्यांतील गुरांच्या पिट्यूटरींतून तें काढून पाहिलें. पण माणसाचें शरीर त्यास परकें मानी, आणि पुनःपुन्हां टोंचल्यास त्याचा गुण येईनासा होई. मृत माणसांच्या ग्रंथींतून काढावें, तर तशाच ग्रंथींतील वाढीच्या संप्रेरकानें मेंदूचा प्राणघातक रोग पसरल्याचें १९८५ मध्यें उघडकीस आलें. मग उपाय एकच: रुग्णाच्या गोळ्या कांहीं आठवडे बंद करावयाच्या, म्हणजे त्याची स्वतःचीच पिट्यूटरी टीएसएच भरपूर सोडी. मरे यांनीं जी दशा दूर केली, तीच रोग्यावर मुद्दाम आणावयाची! यास उपचार म्हणावें कीं शिक्षा, असा प्रश्न मला पडतो.

मानवी इन्सुलिन जीवाणूंकडून करवून घेतां येतें, मग हें कां नाहीं? कारण टीएसएचमध्यें प्रथिनांच्या दोन सांखळ्या असून त्यांवर शर्करेच्या शाखा असतात. त्या चढविण्याचें कसब साध्या जीवाणूस नाहीं, आणि त्यांवांचून हें द्रव्य रक्तांत फार टिकत नाहीं. तें कसब सस्तन प्राण्याच्या पेशींत असतें. सुदैवानें १९५७ मध्यें थिओडोर पक यांनीं चिनी हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयांतील पेशी कांचपात्रांत वाढवून ठेविल्या होत्या. एका मादीच्या त्या पेशींचा वंश अद्यापि चालू आहे. तींत मानवी टीएसएचचीं जनुकें घातलीं, आणि त्या पेशी माणसाचा रस गाळूं लागल्या. १९९८ मध्यें अमेरिकन सरकारनें तो रुग्णतपासणीसाठीं मान्य केला. लागोपाठच्या दोन दिवशीं दोन सुया घेतल्या कीं झालें. गोळ्या थांबवाव्या लागत नाहींत.

प्रयोगशाळांतून असेंच द्रव्य दुसऱ्या कामीं येतें. पात्रांत वाढविलेल्या थायरॉइडच्या पेशींना तें घालून त्यांचें वर्तन पाहतात, आणि रक्तांतील टीएसएच मोजणाऱ्या चांचण्या त्याच्याशीं ताडून पाहतात. संशोधनासाठीं विकली जाणारी ही कुपी मात्र रोग्यास टोंचावयाची नसते. तिच्या वेष्टणावर तसें छापलेलें असतें.