दाब, धारा आणि अश्वशक्ती : बीड जिल्ह्यातील वीजमापनाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठवाड्याच्या विद्युतीकरणाचा इतिहास सामान्यतः मेगावॉटच्या भाषेत लिहिला जातो. कोणता संच केव्हा सुरू झाला, किती गावांत वीज आली, किती कृषिपंपांना जोडण्या मिळाल्या, या नोंदी आवश्यक आहेतच. परंतु परळी वैजनाथ येथे निर्माण झालेली वीज विहिरीवरील मोटारीपर्यंत पोहोचताना तिचे काय होते आणि ती मोजली कशी गेली, हा प्रश्न त्यांत मागे पडतो. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या मोजमापाचा विचार केला आहे.

नियम आणि परळी

जर्मनीतील कोलोन येथे अध्यापन करणाऱ्या गेऑर्ग सायमन ओहम यांनी १८२७ मध्ये दाब, धारा व रोध यांचा संबंध प्रसिद्ध केला. दाबाला धारेने भागले की रोध मिळतो. जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये दाखवले की तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. तात्पर्य, दोनच मापनांवरून मंडलाचा रोधही कळतो आणि त्यात खर्च होणारी शक्तीही. त्रिकला प्रवाहात तीनचे वर्गमूळ व शक्तिगुणक यांनी गुणावे लागते, एवढीच भर.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९७१ मध्ये परळी येथील औष्णिक केंद्र ३० मेगावॉटच्या संचाने सुरू केले. १९८० मध्ये तेथे २१० मेगावॉटचा पहिला संच आला. असा संच १५.७५ किलोव्होल्ट दाबाने वीज निर्माण करतो. शक्तिगुणक ०.८५ धरल्यास धारा सुमारे ९,००० अँपिअर भरते. रोहित्राने हाच दाब २२० किलोव्होल्टवर नेला की धारा सुमारे ६५० अँपिअर उरते. धारा चौदा पटींनी घटली, म्हणजे त्याच तारेतील उष्णतेची हानी जवळजवळ दोनशे पटींनी घटली. परळीची वीज दूरवर नेणे परवडते ते यामुळे.

तारेचे शेवटचे टोक

हेच गणित गावात उलटे फिरते. एका रोहित्रावर, म्हणजे लोकांच्या भाषेत एका ‘डीपी’वर, अनेक मोटारी चालतात आणि लघुदाबाच्या लांब तारांतून धारा वाहते. धारा व तारेचा रोध यांच्या गुणाकाराइतका दाब वाटेतच गळतो. ‘होल्टेज नाही’ ही गेवराई-माजलगावकडची तक्रार म्हणजे ओहमच्या नियमाचाच बोलीतील अनुवाद होय.

२३० व्होल्टवर ६० वॉट घेणाऱ्या जुन्या दिव्याचा रोध सुमारे ८८२ ओहम. दाब १६० व्होल्टवर आला की त्याची शक्ती सुमारे २९ वॉटवर उतरते (तंतू थंड झाल्याने रोध थोडा घटतो, म्हणून प्रत्यक्षात किंचित अधिक). दिवा मंदावतो, पण बिघडत नाही. मोटारीचे तसे नाही. पाण्याचा भार तोच असल्याने ती शक्ती टिकवू पाहते आणि दाब घटला की जास्त धारा ओढते. पाच अश्वशक्तीची मोटार ४१५ व्होल्टवर साधारण ८ अँपिअर घेते, तर ३०० व्होल्टवर ११ अँपिअरहून अधिक. वेटोळ्यातील उष्णता जवळजवळ दुप्पट होते आणि मोटार जळते. वेटोळे नव्याने भरण्याचा खर्च शेतकऱ्याचा. तो विजेच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

पाटीवरचा आकडा

अशा स्थितीत प्रत्येक विहिरीवर मापन होणे अगत्याचे होते. झाले ते विपरीत. १९७७ मध्ये राज्यात कृषिपंपांसाठी अश्वशक्तीनुसार ठोक दर लागू झाला. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, परंतु तो मोटारीवरील पाटीचा आकडा आहे. मोटार किती तास चालली, कोणत्या दाबावर चालली, किती धारा तिने घेतली, यांतले काहीही त्यातून कळत नाही. विखुरलेल्या विहिरींवर दरमहा मीटर वाचणे खर्चिक होते, हे मंडळाचे म्हणणे निराधार नव्हते. तथापि या सोयीची किंमत मोठी ठरली. न मोजलेला शेतीवापर अंदाजाने ठरू लागला आणि तारांतील हानी, चोरी व सदोष मीटर यांचा भार त्या अंदाजात सामावला जाऊ लागला. तारेवर टाकलेल्या ‘आकड्या’ची चर्चा गावोगाव झाली, कागदावरच्या आकड्याची मात्र फारशी झाली नाही.

१९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. मंडळ वर्षानुवर्षे पारेषण व वितरणातील हानी वीस टक्क्यांच्या आत दाखवत आले होते. आयोगापुढे २००० मध्ये झालेल्या पहिल्याच दरनिश्चितीत ती तीस टक्क्यांहून अधिक असल्याचे पुढे आले. फरकाचा मोठा वाटा तोवर शेतीच्या नावावर जमा होता. ‘शेतकरी वीज उधळतो’ हे मत ज्या काळात रूढ झाले, त्या काळात त्याच्या विहिरीवर ते तपासण्याचे साधनच नव्हते, ही बाब इतिहासलेखनात दुर्लक्षिता येणार नाही.

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५५ ने मीटरविना पुरवठ्यास मनाई केली, आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले. तरीही मीटर नसलेले कृषिपंप राहिलेच. २०१८ मध्ये उच्चदाब वितरण प्रणालीची योजना आली. ११ किलोव्होल्टची तार विहिरीजवळ नेऊन तेथे लहान रोहित्र बसवल्यास, तीच शक्ती त्याच तारेतून नेताना होणारी हानी ४१५ व्होल्टच्या तुलनेत सुमारे सातशेपटीने कमी होते. एप्रिल २०२४ पासून राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू आहे. पात्रता पुन्हा पाटीवरील आकड्यावरच ठरली. शेतकऱ्याचे देयक शून्य झाले, परंतु शासनाने महावितरणला भरपाई किती युनिटांसाठी द्यावी, हे त्या पाटीवरून कळत नाही. त्यासाठी विहिरीवरील दाब आणि धारा मोजावीच लागते.