जंगी-भंगी नाईक : बैलांचे धनी, राजकारणातले पाहुणे

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघाले की शहर संपता संपताच लोहारा लागते. आज हे गाव औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते, आणि कापसाच्या मुलखात कापडाचा कारखाना असावा हे कोणालाही स्वाभाविकच वाटेल. हाच रस्ता पुढे दारव्हा, दिग्रस ह्या तांड्यांच्या प्रदेशात शिरतो आणि तेथून बंजारा समाजाच्या सर्वांत मोठ्या श्रद्धास्थानाकडे, पोहरादेवीकडे, जाता येते. ह्या भागाचा आर्थिक इतिहास सांगताना आपण बहुधा कापूस, जिनिंग आणि रेल्वे ह्यांपासून आरंभ करतो. रेल्वेच्या आधी हा माल कोण वाहत होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारला की दोन नावे पुढे येतात : जंगी नाईक आणि भंगी नाईक.

हे दोघे राठोड कुळातले नाईक. गुरे राखणे हा त्यांचा पिढीजात धर्म, धान्य आणि मीठ वाहून विकणे हा व्यवसाय, आणि राजकारणाशी संबंध आला तो मोहिमेपुरता. तरीही त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली ती नेमकी त्या मोहिमेमुळे. आयुष्याचा मोठा भाग अलिखित राहावा आणि छोटा भाग तेवढा सोन्याच्या अक्षरांत लिहिला जावा, ह्या विसंगतीचाच विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

आधी साधनांविषयी. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिले. ते १८६९ च्या सुमाराचे मानतात. १८८२ मध्ये ते पुन्हा छापले गेले. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल ह्यांनी मध्य प्रांतांतील जातिजमातींवरच्या आपल्या ग्रंथात बंजाऱ्यांचे प्रकरण मुख्यत्वे ह्याच टिपणाच्या आधारे लिहिले. कंबरलेजने नोंदविलेली परंपरा अशी : शहाजहानचा वजीर आसफखान १६३० च्या सुमारास विजापूरकरांवर चालून दक्षिणेत आला, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर बंजारे आले. जंगी-भंगींकडे १,८०,००० बैल होते, आणि वडतिया कुळातील भगवानदास नाईकाकडे ५२,०००. फौजेची रसद चालू राहावी म्हणून त्यांना ताम्रपटावर सोन्याच्या अक्षरांत सवलती लिहून देण्यात आल्या. हा पट भंगी नाइकाच्या वंशजांकडे होता आणि हैदराबादचा दरबार त्याला मान देत असे, असेही तो सांगतो.

१,८०,००० हा आकडा परंपरेचा आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तथापि तो निव्वळ कवित्व म्हणून सोडून देता येत नाही. पीटर मंडी ह्या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तरेत एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल धान्य लादून चालले होते. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असल्याचे लिहितो. एका बैलाच्या पाठीवर सुमारे सव्वाशे किलो ओझे धरले, तर मंडीने पाहिलेला एकच तांडा साडेसतराशे टन धान्य हलवीत होता. परंपरेचा आकडा निम्म्याने कमी केला, तरी जंगी-भंगींची वाहतूक अकरा हजार टनांच्या पुढे जाते.

हे शक्य कसे होत असे? ह्या प्रश्नाचे उत्तर गुराख्याच्या ज्ञानात आहे, आणि व्यापाराचा इतिहास लिहिणारे बहुधा तेथेच घाई करतात. गाडीवाल्याला बैल विकत घ्यावा लागतो, त्याला वैरण घालावी लागते आणि त्याच्यामागे मजुरी मोजावी लागते. तांड्याचे बैल तांड्यातच जन्मत. वाटेवरची कुरणे हीच त्यांची वैरण. हाकणारे, लादणारे, राखणारे सारे घरचे, बायकामुलांसह. दिवसाची मजल सहा-सात मैलांची, कारण त्याहून अधिक चालले तर चरायला वेळ उरत नाही. चाल मंद होती म्हणूनच ती स्वस्त होती. धान्य, मीठ ह्यांसारखा वजनाने जड आणि किमतीने हलका माल शेकडो कोस नेणे परवडत होते ते ह्या हिशेबामुळे. पावसाळ्याचे चार महिने चाऱ्यापाण्याच्या जागी मुक्काम, आणि पाऊस सरला की पुन्हा लदेणी. लदेणी हा गोरबोलीतला शब्द. बैल लादून केलेला फिरता व्यापार असा त्याचा अर्थ. ह्या एका शब्दात गोपालन आणि वाणिज्य वेगळे करताच येत नाहीत. किनाऱ्याचे मीठ आत येई, आणि वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई.

अशा माणसाला राजकारणाची गरज फारशी नव्हती. राजकारणालाच त्याची गरज होती. झियाउद्दीन बरनीने अलाउद्दीन खलजीच्या काळातील धान्यवाहकांची हकीकत दिली आहे. त्यांच्या प्रमुखांना बेड्या घालण्यात आल्या. परस्परांना जामीन राहून दिल्लीला धान्य पुरविण्याचे त्यांनी कबूल केले, कुटुंबे व गुरे यमुनाकाठी आणून वसविली, तेव्हाच त्या बेड्या निघाल्या. तावेर्नियेने सांगितलेली गोष्ट उलट टोकाची आहे. दोन तांड्यांच्या प्रमुखांत वाटेवरून रक्तपात होऊ लागले, तेव्हा बादशहाने दोघांना बोलावून समजूत घातली आणि प्रत्येकाला एक लाख रुपये व मोत्यांचा कंठा दिला. बेडी काय आणि कंठा काय, दोन्ही गळ्याहातांत पडतात ती बैलांसाठी.

आता त्या ताम्रपटाकडे पाहू. त्यातील मजकूर मोजका आहे. रांजणातले पाणी घेण्याची मुभा, छपराचे गवत घेण्याची मुभा, दिवसाला तीन खून माफ. आणि शेवटी अट अशी, की आसफचे घोडे जेथे असतील तेथे जंगी-भंगींचे बैल असले पाहिजेत. हा आसफ म्हणजे शहाजहानचा आसफखान, की १७२४ नंतर हैदराबादेत सत्ता स्थापणारा पहिला आसफजाह? नावांच्या ह्या जवळिकीमुळे दोन काळांची स्मृती एकमेकींत मिसळली असणे अगदी संभवनीय आहे. हैदराबाद दरबाराने पटाला मान द्यावा, ह्यालाही त्यामुळे वेगळा अर्थ येतो. पण काळ कोणताही धरला तरी मजकुराची रचना बोलकी आहे.

पहिली दोन कलमे गुराख्याची आहेत. पाणी आणि गवत ह्यांखेरीज त्याला जगाकडून काही नको. परंतु हे पाणी नदीचे नाही, कोणाच्या तरी घरच्या रांजणातले आहे. गवत कुरणातले नाही, कोणाच्या तरी डोक्यावरच्या छपराचे आहे. राजसत्ता जे देते ते दुसऱ्याच्या घरचे देते. तिसरे कलम तर ना गुराख्याच्या उपयोगाचे, ना व्यापाऱ्याच्या. ते सत्तेच्या भाषेतले आहे, आणि ज्याच्या नावाने लिहिले त्याचाच चेहरा ते पुढच्या पिढ्यांसाठी बदलून टाकते. शेवटच्या अटीत तर स्वतःच्या वाटेने चालणारा नाईक दुसऱ्याच्या घोड्यांमागे बांधला गेला. ह्या अटीला आम्ही त्याचे राजकारण म्हणतो.

आणि तिचा उपयोग किती झाला? १६३१ च्या अखेरीस आसफखान विजापूरला वेढा घालून बसला; त्या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. दाणावैरण मिळेना म्हणून त्याला थोड्याच दिवसांत वेढा उठवावा लागला. बैल लाखांनी मोजले तरी कुरणे जळाली की बैल चालत नाहीत, एवढी गोष्ट ताम्रपटाला बदलता आली नाही. पुढे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीची फौज वऱ्हाडात आली, अडगाव आणि गाविलगड येथे लढली, तेव्हाही रसदेसाठी बंजाऱ्यांचा आधार घ्यावा लागला. युद्धे संपली आणि ही गरजही संपली.

१८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. कापसाची तोंडे मुंबईकडे वळली. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-दारव्हा-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी आली. जंगले राखीव झाली, चराईवर निर्बंध आले. एका बाजूने ओझे गेले, दुसऱ्या बाजूने गवत. ह्याच काळात नाइकांची हकीकत लिहून ठेवणारा लेखक पोलीस अधिकारी असावा, हा योगायोग नव्हे. १८८२ मध्ये वऱ्हाडच्याच पोलिसांतील मेजर गंथॉर्प ह्यांच्या गुन्हेगार जमातींवरील पुस्तकात बंजारे दिसतात. ज्या लोकांना एका राजसत्तेने खून माफ केले, त्यांच्या जन्मावरच दुसरीने संशयाचा शिक्का मारला. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजाऱ्यांची गणना आजही विमुक्त जातींत होते.

तांडे ह्याच जिल्ह्यात स्थिरावले. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यात १९१३ मध्ये वसंतराव फुलसिंग नाईक जन्मले आणि १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री राहिले. त्यांचे आडनाव आपण सहज उच्चारतो, पण ते तांड्याच्या प्रमुखाचे पद आहे. जंगी-भंगींचे राजकारण मोहिमेपुरते होते, वसंतरावांचे जन्मभराचे. पण बैल हाकणारा नाईक आणि मंत्रालयातला नाईक ह्यांच्यामध्ये जी शंभर वर्षे गेली, त्यांत लदेणी बुडालेली माणसे शेतमजूर झाली, ऊसतोडीला गेली. त्यांची हकीकत कोणी ताम्रपटावर लिहिली नाही. आत्माराम राठोड ह्यांच्या ‘तांडा’सारख्या आत्मकथनाचे महत्त्व येथे आहे : तांडा तेथे स्वतःविषयी स्वतः बोलतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याने जंगी-भंगींचा मजकूर वाचावा तो शेवटाकडून आरंभाकडे. अट बाजूला ठेवावी, माफी बाजूला ठेवावी. मग उरतात ते पाणी आणि गवत. त्या दोन शब्दांत त्यांचे सारे आयुष्य होते. बाकीचे त्यांच्याकडून करवून घेतलेले होते.