मावशीचा स्वेटर आणि चार्लीची एंजल

गेल्या वर्षी ऑनसाइट असताना एका वीकएंडला एडिसनला मावशीकडे गेलो होतो. कपाट आवरायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. त्यात एक मरून स्वेटर निघाला, लेबलवर 'जॅकलिन स्मिथ'.

"अगं मावशी, ही तर चार्लीज एंजल्समधली!"

"कोण एंजल? केमार्टचा ब्रँड आहे रे तो. १९९१ ची माझी इथली पहिली थंडी त्यावर निघालीय."

झालं. पुढचे दोन शनिवार-रविवार या बाईंच्या मागे गेले.

बाई मूळच्या ह्यूस्टनच्या, जन्म १९४५. बॅले शिकलेल्या, पण नाव झालं ते शाम्पूच्या जाहिरातींमुळे. आधी ब्रेक, मग वेला बाल्सम. १९७६ मध्ये एबीसीवर 'चार्लीज एंजल्स' सुरू झालं. तीन देखण्या गुप्तहेर आणि फोनवरून फक्त आवाज येणारा बॉस (रिमोट मॅनेजर तेव्हाही होते म्हणायचे!). पहिल्या वर्षी सगळा गवगवा फॅरा फॉसेटचा. तिचं लाल स्विमसूटमधलं पोस्टर घरोघरी लागलं आणि एका सीझननंतर ती बाहेर पडली. पुढे केट जॅक्सनही गेली. १९८१ मध्ये मालिका बंद होईपर्यंत, पाचही सीझन, टिकली ती जॅकलिनच.

पण मला खरी गंमत वाटली ती १९८५ ची. त्या वर्षी तिने केमार्टमध्ये स्वतःच्या नावाचे कपडे आणले. केमार्ट म्हणजे स्वस्तातलं दुकान, निळा दिवा लावून सेल जाहीर करणारं. तोवर ती दुसऱ्यांचा माल विकणारा चेहरा होती, आता मालावर नाव तिचं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हिसेसमधून प्रॉडक्टमध्ये उडी. तीन वर्षं क्लायंटच्या नावाने कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला जरा हेवाच वाटला, खोटं कशाला बोला.

ही उडी किती धोक्याची होती ते हॅल्स्टनकडे बघून कळतं. अमेरिकन फॅशनमधला तो केवढा मोठा माणूस! १९८३ मध्ये त्याने जेसी पेनीसाठी स्वस्त कपडे काढले, तर बर्गडॉर्फ गुडमनसारख्या उच्चभ्रू दुकानाने त्याचा माल ठेवणंच बंद केलं. त्यात नाव त्याने आधीच, १९७३ मध्ये, कंपनीला विकलेलं. शेवटी हॅल्स्टन या नावाने कपडे काढायचा हक्क खुद्द हॅल्स्टनलाच उरला नाही.

जॅकलिनला असल्या दुकानांत गमवायला काही नव्हतंच. फॅशनवाले तिला डिझायनर म्हणतील का? मला नाही वाटत. पण २००२ मध्ये केमार्टचं दिवाळं वाजलं, २००५ मध्ये ते सिअर्सबरोबर एक झालं, तरी तिचं लेबल चालूच राहिलं. ऑफिसला आणि पोरांच्या शाळेला जाणाऱ्या बायका ते घेत होत्या. त्यातल्या किती जणींनी ती मालिका पाहिली होती कुणास ठाऊक. मावशीने तर नाहीच.

असो. स्वेटर मी 'देऊन टाकायचं' या ढिगात ठेवला होता. मावशीने तो गुपचूप उचलून परत कपाटात टाकला. कोपरावर विरलाय, पण शिवण एक उसवलेली नाही.