प्रयोग कोणी करायचा? : होशंगाबादच्या तीस वर्षांचा इतिहास

माझा विषय इतिहास. बी.ए., बी.एड. झालेल्या शिक्षकाकडे सहावीच्या विज्ञानाचे तास येणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि ते तास माझ्याकडे आले. पहिल्याच आठवड्यात मेणबत्तीचा प्रयोग होता. थाळीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर पालथा घातलेला काचेचा पेला. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. लहानपणी शिकलो होतो तेच मी सांगितले : ज्वलनात ऑक्सिजन संपला, हवेत तो सुमारे एक-पंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढे वर आले.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, दोन मेणबत्त्या लावल्या तर?"

मी म्हणालो, "पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच. पाणीही तेवढेच चढेल."

त्याचे समाधान होईना, म्हणून दोन लावून पाहिल्या. पाणी चांगलेच जास्त चढले. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो.

पुढे वाचून उलगडा झाला. ज्योतीमुळे पेल्यातील हवा तापून प्रसरण पावते व तिचा काही भाग कडेखालून बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. मेणबत्ती विझल्यावर उरलेली हवा निवते, आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पाणी चढते ते मुख्यतः यामुळे. शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्यापूर्वीच मेणबत्ती विझते आणि जळलेल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मी कित्येक वर्षे उराशी बाळगलेले उत्तर चुकीचे होते, आणि ते एका मुलाच्या साध्या प्रश्नाने उघडे पडले. शाळेतील प्रयोगांच्या इतिहासाकडे मी वळलो तो या प्रसंगामुळे.

साहित्याचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांतील शाळा उद्ध्वस्त झाल्या. प्रयोगशाळा उरल्या नाहीत. अशा देशांतील शिक्षकांसाठी युनेस्कोने इ. स. १९४८ मध्ये जे. पी. स्टीफन्सन यांची एक पुस्तिका काढली. हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून उपकरणे कशी करावीत, हे तिच्यात सांगितले होते. तिचाच विस्तार होऊन इ. स. १९५६ मध्ये विज्ञानशिक्षकांसाठी मोठा संदर्भग्रंथ निघाला आणि तो अनेक भाषांत गेला. पैसा नाही म्हणून प्रयोग नाही, ही सबब त्या ग्रंथाने काढून घेतली.

परंतु स्वस्त साहित्याने अर्धाच प्रश्न सुटतो. माझ्या वर्गात थाळी होती, पेला होता, मेणबत्तीही होती. प्रयोग मात्र माझा होता. मुले प्रेक्षक होती आणि उत्तर आधीच ठरलेले होते.

सोळा शाळांतील आरंभ

उरलेल्या अर्ध्या प्रश्नाला आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात हात घातला गेला. होशंगाबाद जिल्ह्यात (इ. स. २०२२ पासून याचे नाव नर्मदापुरम) किशोर भारती व रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी इ. स. १९७२ मध्ये सोळा मिडल स्कूलमध्ये, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान शिकविण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. किशोर भारतीचे डॉ. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात आले होते. त्या संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञही या कामात उतरले.

पद्धत सरळ होती. चार-चार मुलांच्या टोळीने स्वतः प्रयोग करायचा, निरीक्षणे आपल्या वहीत लिहायची, चर्चा करायची आणि निष्कर्ष काढायचा. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात प्रयोगाची कृती असे, प्रश्न असत; उत्तरे नसत. फुलांचे भाग सोडविण्यासाठी सुई नसली, तर बाभळीचा काटा चाले. शिक्षकांचे प्रशिक्षणही तसेच होई. त्यांनी भाषणे ऐकायची नाहीत, मुलांसाठी असलेले प्रयोग आधी आपल्या हातांनी करायचे. महिन्यातून एकदा शिक्षक एकत्र बसून वर्गातील अडचणी मांडत.

परीक्षा तर पुस्तक उघडे ठेवून! ऐकताना हे कॉपीला परवाना दिल्यासारखे वाटते. पण ज्या पुस्तकात उत्तरेच नाहीत, ते उघडे ठेवून नक्कल कशाची करणार? परीक्षेत मुलांना प्रयोगही करावा लागे. मनात येईल तो प्रश्न पत्राने विचारण्यासाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात.

इ. स. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सर्व जिल्ह्यात लागू झाला. इ. स. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे अनेक जिल्ह्यांत नेला.

काड्यांची प्रतिकृती

इ. स. १९७८ मध्येच पुण्याच्या टेल्को कारखान्यातील एक तरुण अभियंता, श्री. अरविंद गुप्ता, रजा घेऊन तेथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून त्यांनी प्रतिकृती बनविल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. त्याला कर्णावर आडवी काडी दिली की तो पक्का होतो. पुलाच्या आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनी कळते. आपल्या प्रदर्शनांतील थर्मोकोलच्या प्रतिकृती पाहुण्यांसाठी असतात आणि त्यांना हात लावायला मनाई असते. काड्यांची प्रतिकृती मोडून पुन्हा जोडण्यासाठी असते.

शेवट आणि शिल्लक

इ. स. २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला आणि त्या शाळांना राज्याचे नेहमीचे पाठ्यपुस्तक लावले. पुढच्या वर्गांत मुले मागे पडतील, ही पालकांची चिंता जुनी होती. ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही, कारण पुढे नववी-दहावीला पाठांतराचीच परीक्षा वाट पाहत होती. पण दोष प्रयोगाचा की परीक्षेचा, याचा विचार व्हायला हवा होता. तीस वर्षांचे काम एका निर्णयाने थांबू शकते, हा इतिहासाचा धडा आहे. त्याच इतिहासाचा दुसरा धडा असा की, सामान्य सरकारी शाळेतील शिक्षक हे काम तीस वर्षे करू शकले.

आपल्या संस्थेच्या शाळांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. त्यासाठी इमारत नको, अनुदानाची वाट पाहणे नको. उत्तर फळ्यावर लिहिण्यापूर्वी शिक्षकाने थोडे थांबले, तरी आरंभ होतो.

त्या घंटेनंतर दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि काल सांगितलेले चूक होते, हे मुलांसमोर कबूल केले. मग चार थाळ्या, चार पेले आणि मेणबत्त्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.