वाटेवरचे अन्न आणि पाणी

आषाढीच्या वाटेवर संत सोपानकाकांची पालखी सोमेश्वरनगरी मुक्कामास येते, तेव्हा राहुट्या पडतात, चुली पेटतात. कोणी पंगतीत जेवतो, कोणी शेजारच्या हॉटेलात चहा घेतो. पैसे टाकावेत, बाकावर बसावे, खावे; यात इतिहास तो कोणता, असे आपणांस वाटेल.

पण हा बाक सर्वांस मोकळा नव्हता. १९०१ साली बाल भीमराव आंबेडकर भावासह साताऱ्याहून खटाव तालुक्यात नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनावर जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही अशा अटीवर की, गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण पायी चालावे. रात्री टोलनाक्यापाशी मुक्काम पडला. शिदोरी भरलेली होती, पण प्यायला पाणी कोणी देईना. जवळ अन्न असून मुले उपाशी निजली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे स्वतः लिहिले आहे.

१९५० च्या संविधानाने पंधराव्या कलमात उपाहारगृहे व विहिरी सर्वांस मोकळ्या केल्या. १९५५ च्या कायद्याने अटकाव हा गुन्हा ठरविला. तरीही १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ चालवावी लागली. कायदा पुढे गेला होता, माणसे मागे राहिली होती.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : प्रवासात हॉटेलातला पोऱ्या न विचारता पाण्याचा पेला पुढे ठेवील, तेव्हा त्या तहानेल्या मुलांची आठवण असू द्यावी, आणि शेजारी कोणी येऊन बसला, तर सरकून त्याला जागा द्यावी.