महजर : हजर असणाऱ्यांचा कागद

मराठेशाहीतील न्यायनिवाड्याचे कागद वाचताना ‘महजर’ हा शब्द वारंवार भेटतो. त्याचा अर्थ आपण ‘निवाडपत्र’ असा करतो. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे मला या शब्दात निवाड्याच्या आधी माणसांची हजेरी दिसते.

शब्द मूळचा अरबी. बडी हे, ज्वाद आणि रे ही त्याची मूळ अक्षरे. अर्थ, हजर असणे. आपले हजर, हजेरी, हाजिरजबाबी, हुजूर, हजरत हे सगळे त्याच कुळातले. महजर म्हणजे आधी लोक जमण्याची जागा आणि मग जमलेल्यांच्या साक्षीने झालेला कागद. ‘मजहर’ हे नाव मात्र वेगळे. त्यात जोय आहे आणि त्याचे मूळ ‘प्रकट होणे’ या अर्थाचे आहे. देवनागरीत दोन्हींचा ‘ज’ सारखाच दिसतो, म्हणून घोटाळा होतो.

मोगल काळात एखाद्याची सनद हरवली किंवा हक्कावर वाद आला, की तो आपली हकिकत लिहून माहीतगार लोकांची साक्ष मागे. लोक समासात सह्या आणि शिक्के करीत. काझीच्या शिक्क्याने त्या कागदाला वजन येई. पण हजेरी प्रत्येक वेळी मोकळ्या मनाची नसते. 1579 साली अकबराच्या दरबारातील उलेमांनी एका प्रसिद्ध महजरवर सह्या केल्या. धर्मशास्त्रातील मतभेदांत एक मत निवडण्याचा अधिकार त्याने बादशहाला दिला. त्यातील काही सह्या मनाविरुद्ध होत्या, असे समकालीन इतिहासकार बदायुनी नोंदवतो.

दख्खनमध्ये आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंत राज्ये बदलली, शब्द टिकला. वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई. वादी-प्रतिवादी आधी ‘राजीनामा’ लिहून देत, म्हणजे सभेचा निर्णय मान्य करू अशी कबुली. आज मराठीत राजीनामा देणारा खुर्ची सोडतो. उर्दूत मात्र तो शब्द अजून समझोत्याचाच आहे. हरलेला ‘यजितखत’ देई, जिंकलेल्याकडून ‘हरकी’ घेतली जाई आणि त्याला महजर मिळे. त्यावर ‘हाजिर मजालस’ म्हणून उपस्थितांची नावे असत. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तराजू. अनेक महजरांत देशमुख-देशपांड्यांच्या शेजारी काझीचेही नाव आढळते. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेल्या ग्रंथात या साऱ्या व्यवहाराचा तपशीलवार अभ्यास केला आहे.

याचे मी गोडवे गाणार नाही. हजर असणे म्हणजे समान असणे नव्हे. सभेतील मान वतनाने आणि जातीने ठरे. तरीही एक गोष्ट या कागदांतून स्पष्ट दिसते. आपल्या गावच्या इतिहासात आपण पाहुणे होतो की घरचे, असा प्रश्न आज कुणी विचारला, तर उत्तरासाठी भाषण लागत नाही. गावाने ज्यांना साक्षीला बसवले, त्यांची यादी पुरेशी आहे.

कर्नाटक-केरळात पोलीस पंचनाम्याला आजही ‘महजर’ म्हणतात. आपल्याकडे त्या जागी ‘पंचनामा’ आला, पंच संस्कृत आणि नामा फारसी. झडतीच्या वेळी त्या भागातील दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीला बोलवावे, ही तरतूद 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि 2023 च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणजे कायद्याला आजही हजर माणूस लागतो. पण आपण काय करतो? ‘भानगड नको’ म्हणून सटकतो, किंवा न वाचता सही ठोकून मोकळे होतो. त्या सहीवर कुणाची तरी जमीन किंवा सुटका अवलंबून असते.

म्हणून दोन विनंत्या. घरातल्या पेटीत मोडी किंवा फारसी कागद असतील, तर रद्दीत घालू नका. जाणकाराकडून वाचून घ्या. आणि कधी पंच म्हणून बोलावणे आले, तर जा, डोळ्यांनी पाहा, पूर्ण वाचा, मगच सही करा. न पाहता केलेली सही म्हणजे गैरहजर माणसाची हजेरी.